कोथरूडहून रोड बाईक: चढ नंतर बघा, आधी शहराबाहेर कुठून पडायचं ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की कोथरूडला राहता, नवीन रोड बाईक घेतली आहे, शनिवार-रविवार सकाळी ४० ते ६० किमी मारायचे आहेत, हायवे नको, थोडे चढउतार आणि मोकळं रान हवं, आणि नऊ-साडेनऊपर्यंत घरी परत. आणि त्याखाली तुम्ही सिंहगड, लवासा, बोपदेव, ताम्हिणी अशी यादी टाकून विचारलंय की यातलं सगळ्यात चांगलं कुठलं.

माझं म्हणणं असं की ही यादीच उलट्या बाजूनं सुरू झालीय. चढ सगळेच चांगले आहेत हो, पुण्याभोवती वाईट डोंगर नाहीच. रूट चांगला की भिकार हे ठरतं पहिल्या आणि शेवटच्या दहा किलोमीटरवर. पुणं परातीसारखं आहे, मध्ये शहर आणि कडेनं डोंगरांची किनार, आणि बाहेर पडायला मोजक्याच खिंडी आणि घाट: पश्चिमेला चांदणी चौक, वायव्येला सूसची खिंड, दक्षिणेला कात्रज, आग्नेयेला बोपदेव आणि दिवे घाट. तुमची सायकल, खडीचे डंपर, लवासाला निघालेली पोरं, फार्महाऊसवाले सगळे त्याच अरुंद तोंडातून जाणार. त्यामुळे कुठल्या तोंडातून किती वाजता बाहेर पडायचं आणि कुठल्या तोंडातून किती वाजता आत यायचं हे एकदा ठरलं की डोंगर आपोआप मिळतो.

कोथरूडवाल्यांचं नशीब असं की डोंगर न ओलांडता बाहेर पडायचे दोन रस्ते तुमच्या दारातून जातात, कारण मुठा नदीनं ते आधीच कापून ठेवलेत. नदीच्या एका बाजूनं सिंहगड रोड, दुसऱ्या बाजूनं वारजे-शिवणे-उत्तमनगर. सिंहगड रोडवर गर्दी जास्त. दुसरा रस्ता दिसायला अगदीच गचाळ, दोन्ही बाजूंना दुकानं, मध्येच खोदलेलं, रिक्षा, टेम्पो, सगळं आहे, म्हणून नवीन माणूस तिकडे फिरकत नाही, पण सकाळी पावणेसहाला तिथे चिटपाखरू नसतं आणि कोंढवे धावडे आलं की एकदम पडदा उघडल्यासारखं होतं.

तर माझं पहिलं उत्तर हेच, एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी)-बहुली रस्ता. कोंढवे धावडेपासून कुडजे, आगळंबे, मांडवी करत हा रस्ता खडकवासल्याच्या बॅकवॉटरच्या उत्तर बाजूनं पश्चिमेला जातो. एवढ्या जवळ एवढं रान अजून शिल्लक कसं याचं कारण सरळ आहे, एनडीएची हजारो एकर जमीन, तिला लागून वनखात्याची जमीन आणि खाली पाटबंधारे खात्याची धरणाची जमीन, म्हणजे बिल्डरला शिरायला फटच नाही. हेच पिरंगुटच्या बाजूला बघा, डोंगर तेच पण दर दोनशे मीटरवर एनए (बिगरशेती) प्लॉटचा बोर्ड. एनडीए लष्करी संस्था आहे हे मात्र डोक्यात ठेवा, हद्दीलगत थांबून फोटो-ड्रोन असले चाळे नकोत, फलक लावलेले असतात ते वाचायचे आणि कुठल्या दिवशी जवानानं अडवलं तर निमूट मागे फिरायचं, हुज्जत नाही.

सांगरूण फाट्यापर्यंत जाऊन परत आलात तर कोथरूडपासून येऊन-जाऊन पन्नासच्या आसपास होतात. सांगरूण म्हणजे जिथे मुठेला मोसे आणि अंबी येऊन मिळतात ते गाव, म्हणजे वरच्या टेमघर, वरसगाव आणि पानशेत या तिन्ही धरणांचं पाणी इथून खाली खडकवासल्यात येतं. या रस्त्यावर मोठा घाट नाही, आणि मी मुद्दाम हाच आधी सांगतोय कारण नवीन माणसाला घाटापेक्षा असे छोटे छोटे चढ जास्त शिकवतात. घाटात काय, एक गिअर लावला, एक लय पकडली, की डोकं बंद करून चढता येतं. इथे तसं नाही, तीनशे-चारशे मीटर वर, लगेच खाली, वळण, परत वर. नवीन लोक उतारावर पायडल मारणं सोडून देतात, मग पुढच्या चढाच्या मध्यावर वेग मेला की घाईघाईत गिअर पाडतात, चेनवर पूर्ण जोर असतानाच, आणि मग खडखडाट, चेन खाली. उतार संपायच्या आधी हलकं पायडल चालू ठेवा, चढाचा पहिला तिसरा हिस्सा त्या वेगावर काढा, पाय जड व्हायच्या आधी एकेक गिअर सोडत जा, आणि पुढची मोठी चक्री बदलायची असेल तर ती चढ सुरू व्हायच्या आधीच बदला. माथ्याशी शेवटचे वीस-तीस मीटर उभं राहून मारले तरी चालतं. महिनाभर एवढंच केलंत तरी सिंहगडाची भीती निम्मी जाईल.

आता मोठा लूप, ज्याला मी कोथरूडचा खरा रूट म्हणेन. चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट, तिथून डावीकडे उरवडे, मुठा घाट चढून पलीकडे मुठा गावात उतरायचं, मग लवासाकडे न जाता बहुलीकडे वळायचं आणि एनडीएच्या रस्त्यानं घरी. साठ-पासष्ट किमी होतात. बरेच लोक हा उलटा करतात, आधी एनडीए आणि येताना पिरंगुट, आणि मग म्हणतात की लय ट्रॅफिक होतं राव. होणारच. वीकेंडला साडेआठनंतर अख्खं पुणं मुळशी-लवासाला निघतं, पिरंगुटला एमआयडीसी आहे त्यामुळे ट्रक वेगळे, आणि पिरंगुटच्या घाटात तुम्ही दमलेल्या पायांनी चढत असताना समोरून ओव्हरटेक करणारी गाडी तुमच्या लेनमध्ये. तोच पट्टा पहाटे सव्वापाच-साडेपाचला मारा, अंधार असतो, लाईट लागेल, पण रस्ता मोकळा असतो. सहा-सव्वासहाला पिरंगुट सोडलंत की पुढे उरवड्याच्या शेतात उजाडतं, आणि गर्दी जेव्हा चांदणी चौकात येते तेव्हा तुम्ही बहुलीला असता जिथे त्यांना यायचंच नसतं. दिशा बदलली फक्त, रूट तोच.

चांदणी चौकाबद्दल एक. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जुना पूल पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन उड्डाणपूल-रॅम्प सुरू झाले, चारचाकीला बरं झालं असेल पण सायकलवाल्यानं चुकीचा रॅम्प पकडला तर थेट हायवेवर जाऊन पडतो. एकदा दुपारी स्कूटरवर जाऊन आपला रॅम्प बघून ठेवा. अंधारात बोर्ड वाचत सायकल चालवू नका.

आणखी एक गोष्ट जी फार कमी लोक बोलतात, ती म्हणजे ऊन कुठल्या बाजूला आहे. कोथरूडहून पश्चिमेला गेलात की सकाळी सूर्य पाठीशी, मस्त. पण परत येताना तुम्ही पूर्वेला तोंड करून असता आणि हिवाळ्यात आठ-साडेआठलाही सूर्य बराच खाली असतो, तो तुमच्या डोळ्यात येतो हे एक, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्याही डोळ्यात येतो आणि त्याला तुम्ही दिसतच नाही. त्यात झाडांची सावली-ऊन-सावली. म्हणून मागचा लाल लाईट दिवसाही ब्लिंकवर चालूच ठेवायचा, आणि काळी जर्सी कितीही भारी दिसली तरी एनडीए रस्त्याच्या झाडीत नको.

वारा मात्र तुमच्या बाजूनं आहे. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा, जाताना तोंडावर येतो आणि वैताग येतो, पण येताना पाठीवर असतो. एप्रिल-मेमध्ये सकाळ शांत असते आणि दुपारनंतर पुन्हा पश्चिमेकडूनच सुटतो. त्यामुळे पश्चिमेचे रूट दमलेल्या माणसाला घरी ढकलत आणतात, आणि हेच सासवडला गेलं की उलटं होतं, येताना बोपदेवच्या पठारावर वारा छातीवर. नवीन असताना हा फरक फार मोठा असतो.

पावसाचं गणित पण सांगतो. पुणे शहरात वर्षाला सत्तर-पंचाहत्तर सेंटीमीटर पाऊस, आणि जसजसं पश्चिमेला जाल तसतसा वाढत जाऊन ताम्हिणीला त्याच्या कितीतरी पट. म्हणजे कोथरूडला कोरडं असताना मुठा घाटात धो धो असू शकतो. जुलैमध्ये भातलावणीच्या वेळी ट्रॅक्टर शेतातला चिखल रस्त्यावर आणून टाकतात, त्यावर पाऊस पडला की साबण, आणि झाडाखालच्या वळणांवर कडेला हिरवं शेवाळ धरतं. वळणात ब्रेक मारायचाच नाही, आधी सरळ रस्त्यावर वेग कमी करायचा. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा, पंच्याहत्तर किलोच्या माणसाला २८ मिमी रुंदीच्या टायरमध्ये सत्तर-पंच्याहत्तर पीएसआय पुरते, शंभर भरून दगडासारखा टायर करायची पद्धत आता सोडा. ताम्हिणी तर पावसाळ्यातल्या वीकेंडला यादीतून काढूनच टाका, एक तर तुमच्या अंतरात बसत नाही आणि दुसरं म्हणजे गर्दी, दारू, धबधबे, दर पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाला मनाईचे आदेश काढायला लागतात.

आता तुमच्या यादीतला सिंहगड. डोणज्याच्या पुढे गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या पार्किंगपर्यंत साधारण नऊ किमी आणि साडेसहाशे मीटरच्या आसपास चढाई, म्हणजे सरासरी सात टक्के धरा, वर काही वळणांवर ती दोन आकडी होते. किल्ला १३१२ मीटरवर आहे, पुणं साधारण ५६०. चढ अप्रतिम आहे, यात वादच नाही. पण रविवारी नकोच. पहिल्यांदा जायचं तर आडवारी सुट्टी काढा. रविवारी सातनंतर गाड्यांची रांग लागते, उतरताना तुम्ही ब्रेक धरून धरून हात सुजवणार आणि खाली खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस-भजीवाल्यांच्या गर्दीत पाय खाली टेकत टेकत घरी. पावसाळ्यात घाटात दरडीही येतात, रस्ता बंद आहे का ते बघून निघायचं.

सिंहगडापेक्षा मला त्याच घाटातून निघणारा कोंढणपूरचा लूप जास्त आवडतो आणि याची चर्चा कमी होते. घाट थोडा चढला की कोंढणपूर फाटा लागतो, तिथून गडावर न जाता कोंढणपूरला जायचं, सिंहगडाची मागची बाजू बघत बघत खेड शिवापूर, मग हायवेच्या सर्व्हिस रोडनं शिंदेवाडी आणि जुन्या कात्रज घाटानं जुन्या बोगद्यातून पुण्यात. तुमच्या घरापासून तुमच्या मर्यादेच्या थोडा वर जाईल, पण एका सकाळी दोन घाट आणि मधलं पठार मिळतं. तो सर्व्हिस रोडचा तुकडा एकदम रटाळ आहे, उलट्या दिशेनं येणाऱ्या दुचाक्या, हॉटेलांच्या गाड्या, तेवढं सहन करायचं. जुन्या बोगद्यात दिवसाही अंधार असतो, आत शिरायच्या आधी गॉगल वर करा.

बोपदेवबद्दल खरं सांगायचं तर तुम्ही कोथरूडला राहता म्हणून मी तो देत नाही. घाट साधारण साडेतीन-चार किमीचा, सहा-सात टक्क्यांचा, ट्रेनिंगला एकदम मापात, वर गेल्यावर भिवरी, चांबळी, सासवड हे पठार म्हणजे अंजीर-सीताफळाच्या बागा, बोपगावच्या डोंगरावर कानिफनाथ, सगळं छान. पण कोथरूडहून येवलेवाडीपर्यंत जायला अख्खं शहर आडवं कापायला लागतं आणि परत येताना कोंढव्यात अडकलात की सकाळी कमावलेलं सगळं सुख तिथेच संपलं. गाडीत सायकल टाकून येवलेवाडीपर्यंत जाणार असाल तर जरूर. कोंढवा-बिबवेवाडीत राहणाऱ्याला मी हाच रूट पहिला देईन आणि एनडीए शेवटी, एवढं हे घर कुठे आहे त्यावर आहे. आणि लोक जे बोपदेव चढून दिवे घाटानं उतरायचं सुचवतात त्यांचं ऐकू नका, तो पालखी मार्ग आहे, ट्रक-बस प्रचंड, त्यात रुंदीकरण. आला तसा बोपदेवनंच परत.

सूस-नांदे-चांदे-घोटावडे ही बाजू बाणेर-पाषाणवाल्यांना जवळ. रविवारी हिंजवडी-माण भाग ओस पडतो, आठवड्यात जिथे गाडी हलत नाही तिथे तुम्ही मोठ्या चक्रीवर सुसाट जाता. पण बांधकामं इतकी की वळणावळणांवर डंपरमधून सांडलेली खडी आणि सिमेंटचं पाणी. रस्त्याच्या कडेला चिकटून जाऊ नका, डाव्या चाकोरीत चालवा, तिथे खडी कमी असते आणि मागच्याला तुम्ही दिसताही.

रस्त्यांची एक चांगली बातमी आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना) २.२ दर्जाची टप्प्याटप्प्यांची रेस, आणि तिच्यासाठी मुळशी, मावळ, पुरंदर, भोर, बारामतीकडचे बरेच रस्ते नव्यानं डांबरले गेले. इतकी वर्षं आपल्याकडे घाटाचा राजा म्हटलं की मुंबई-पुणे रेसचा बोरघाट एवढंच होतं, आता पोरं मुळशीच्या चढांचेही टायमिंग स्ट्राव्हावर (सायकल राईड नोंदवायचं ॲप) बघायला लागलीत. नवीन डांबराचा तोटा एवढाच की गाड्याही जोरात पळतात आणि गावागावात लगेच नवे स्पीडब्रेकर उगवतात, बिनरंगाचे. चौकाआधी रम्बलर पट्ट्या असतात त्यावर हँडल ढिलं धरा, ढुंगण सीटवरून उचला, बाटल्या उडतात.

कुत्र्यांचं विचारलंय. गावाबाहेरच्या ढाब्यांपाशी आणि सकाळी अंधारात जास्त. चढावर असाल तर पळायचा प्रयत्न करू नका, जिंकणार नाही. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा, दरडावून बोला, बहुतेक वेळा तिथेच खेळ संपतो. पाण्याची बाटली उडवणं हा दुसरा उपाय. हातात काठी-दगड घेऊन सायकल चालवणारे बघितलेत, ते स्वतःच पडतात.

खाणं. सकाळी निघताना एक केळं, दोन बाटल्या पाणी, त्यातल्या एकीत मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस. बहुलीच्या बाजूला हॉटेलं तुरळक आणि सकाळी लवकर उघडीही नसतात, त्यामुळे खिशात चिक्की किंवा खजूर ठेवाच. मिसळ-पोहे लूप संपल्यावर. मध्ये कटवडा हाणून मुठा घाट चढायला घेतला की काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

शेवटचं गिअर, कारण तुम्ही लिहिलंय की पुढे ५०/३४ दातांच्या चक्र्या आणि मागे ११ ते २८ दातांच्या आहेत आणि दुकानदार म्हणतो पुरे. सपाटीला पुरे. घाटाचा हिशोब करा: तुम्ही पंच्याहत्तर किलो, सायकल-पाणी-हत्यारं दहा, एकूण पंच्याऐंशी. सात टक्क्यांच्या चढावर सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, म्हणजे ३४ पुढे २८ मागे, मिनिटाला सत्तर फेरे मारायचे तर वेग पावणेअकराच्या आसपास येतो आणि त्याला साधारण १९० वॉट लागतात. मागे ३४ दातांची चक्री असेल तर त्याच सत्तर फेऱ्यांना वेग पावणेनऊ आणि लागतात दीडशेच्या जरा वर. नवीन माणूस १९० वॉट पाऊण तास देऊ शकत नाही, मग फेरे पन्नासवर येतात, सगळा भार गुडघ्यावर, आणि दोन महिन्यांनी गुडघा धरून बसतो. त्यामुळे सांगरूणपर्यंतचा रूट आहे त्या कॅसेटवर (मागच्या चक्र्यांचा संच) या रविवारपासून सुरू करा, मुठा घाटाच्या आधी ११-३४ बसवून घ्या. फक्त बसवायच्या आधी मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) केज, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा दांडा, शॉर्ट आहे की मिडियम ते बघायला सांगा, शॉर्टला बहुतेक वेळा ३४ झेपत नाही, डिरेलरही बदलावा लागतो, आणि चेनही नवीन मापाची लागेल, जुनीच ठेवली तर पुढची मोठी आणि मागची मोठी चक्री एकत्र लागल्यावर ताणून डिरेलर तुटायची भीती.